मंगळावरचे पाहुणे आणि मिसिसिपीतला मुलगा

इतिहासाच्या व्याख्यानाला आम्ही अंतराळयानांच्या आणि परग्रहवासीयांच्या गोष्टींचा विषय निवडला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की तह, लढाया, बखरी आणि दप्तरे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पुठ्ठ्याची याने उडवणारी आणि नटांच्या कानांना मेणाची टोके चिकटवणारी करमणूक त्या पंक्तीला कशी बसावी? आमचे म्हणणे इतकेच की, एखाद्या समाजाला कोणती गोष्ट उघड बोलता येत नव्हती हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या दप्तरांइतकीच त्याची सोंगेही तपासली पाहिजेत. माणूस सोंग घेतो ते काहीतरी लपवण्यासाठी. ते काय, हाच आजचा विषय आहे.

एक योगायोग आरंभीच सांगून टाकतो. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. त्यानंतर सतरा दिवसांनी, २ ऑक्टोबरला, अमेरिकेत सीबीएस या जाळ्यावर ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. ट्वायलाइट म्हणजे संधिप्रकाश. धड दिवस नाही, धड रात्र नाही, अशा प्रदेशातल्या या गोष्टी. मुंबईचे केंद्र सुरू व्हायला १९७२ सालचा २ ऑक्टोबर उजाडावा लागला. म्हणजे आपण हे यंत्र दुकानाच्या काचेतूनही पाहिले नव्हते, तेव्हा अमेरिकेत त्याच्यावर काय बोलावे आणि काय बोलू नये याचे भांडण चांगले जुने होऊन गेले होते.

हे भांडण सरकारशी नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिलेले आहे आणि नाटककाराच्या दारी पोलीस येत नव्हते. येत होता तो जाहिरातदार. त्या काळी एखादी कंपनी आठवड्याचा एक तास जणू खंडाने घेई. तो तास तिच्या नावाने ओळखला जाई आणि त्यात सादर व्हायचे नाटक तिच्या जाहिरात-संस्थेच्या कचेरीत आधी वाचले जाई. तेथे बसलेल्या गृहस्थांना राजकारणात फारसा रस नसे. आपला साबण, सिगारेट किंवा पोलाद घेणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाचे मन दुखावू नये, एवढीच त्यांची चिंता. या चिंतेपायी जे घडे ते ऐकले म्हणजे हसावे की रडावे ते कळत नाही. प्रायोजक सिगारेट पेटवण्याचे लायटर विकणारा होता, म्हणून एका नाटकातून पात्राने काडेपेटी मागण्याचे वाक्य गाळले गेले. पुढे १९५९च्या एप्रिलमध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यावरील एक नाटक प्रक्षेपित झाले. त्याचे प्रायोजकत्व इंधनवायूच्या धंद्याकडे होते. ज्या विषारी वायूच्या कोठड्यांत लक्षावधी ज्यूंना मारले, त्यांचा उल्लेख आला की ‘गॅस’ हा शब्द तेवढा आवाज बंद करून पुसला गेला. नटाचे ओठ हलत होते आणि शब्द ऐकू येत नव्हता!

या व्यवस्थेशी ज्याने आयुष्यभर झटापट केली तो लेखक म्हणजे रॉड सर्लिंग. जन्म १९२४च्या नाताळच्या दिवशी, न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे, एका ज्यू कुटुंबात. बिंगहॅम्टन या गावी तो वाढला. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढला आणि डोळ्यांसमोर सोबती पडताना पाहून परतला. तिशीतच ‘पॅटर्न्स’ आणि ‘रिक्विम फॉर अ हेवीवेट’ या नाटकांनी त्याला देशभर नाव मिळवून दिले. पैसा मिळाला, पारितोषिके मिळाली. अशा माणसाला स्वस्थ बसणे कठीण नव्हते.

पण २८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मनी नावाच्या खेड्याजवळ एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. शिकागोचा हा मुलगा सुटीत नातेवाइकांकडे आला होता. एका गोऱ्या दुकानदारिणीशी तो सलगीने बोलला, एवढ्या आरोपावरून दोघा गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले आणि त्याचे प्रेत नदीत टाकले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, ही त्या माउलीची भूमिका. खटला उभा राहिला, बाराही पंच गोरे पुरुष होते आणि सुमारे एक तास सात मिनिटांत त्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले. पुढच्या जानेवारीत त्याच दोघांनी एका पाक्षिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापायला दिली. एकदा सुटलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

सर्लिंगने यावर नाटक लिहावयास घेतले. वस्तुतः त्याने सावधपणा केला होता. मारला गेलेला मुलगा नव्हे तर एक वृद्ध ज्यू सावकार, आणि नाटकाचा भर खुनावर नसून, सुटून आलेल्या खुन्याला पाठीशी घालणाऱ्या गावावर. पण एका वार्ताहराने विचारले, ही टिलची कथा काय? सर्लिंगने नाही म्हटले नाही. बातमी छापून आली मात्र, दक्षिणेतील गोऱ्यांच्या नागरिक-मंडळांकडून प्रायोजकाकडे निषेधाच्या पत्रांचा आणि बहिष्काराच्या धमक्यांचा पाऊस पडला. मग कात्री चालू लागली. गाव दक्षिणेतून उचलून पार उत्तरेला, न्यू इंग्लंडमध्ये नेले. ज्यू सावकाराचा एक निनावी परदेशी झाला. आणि यावर ताण म्हणजे, दृश्यातील कोकाकोलाच्या बाटल्याही काढल्या, कारण ते पेय दक्षिणेचे म्हणून ओळखले जाते! २५ एप्रिल १९५६ रोजी ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने जे प्रक्षेपित झाले, त्यात कोण कोणाला का मारतो याचा पत्ता लागणे अवघड होते.

सर्लिंगने पुन्हा प्रयत्न केला. ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ हे त्याचे नाटक १९५८च्या जूनमध्ये आले. या वेळी कथा शंभरेक वर्षे मागे ढकलावी लागली आणि कृष्णवर्णीय मुलाचा मेक्सिकन तरुण करावा लागला. जमावाला चिथावणाऱ्या दुकानदाराचे काम विल्यम शॅटनर या तरुण नटाने केले होते. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. दरम्यान अमेरिकन सिनेटवर लिहिलेल्या एका नाटकात, सिनेटरांनी चालू काळातील एकाही प्रश्नावर बोलू नये असा दंडक घालण्यात आला. बिनप्रश्नाचे राजकारण! त्या नाटकाविषयी सर्लिंगने नंतर लिहिले की, हीच कथा आपण २०५७ सालात नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते, तर पुष्कळ शहाणपणाचे झाले असते. हे उद्गार त्राग्याचे होते. पण तीन वर्षांत त्याने तसेच केले.

येथे मराठी श्रोत्याला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आठवल्यावाचून राहणार नाही. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे ही भूमी, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. ते सरकारलाही कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. मग प्रश्न असा पडतो की, इंग्रज अधिकाऱ्याला पौराणिक सोंगाआडचा कर्झन दिसला, आणि अमेरिकेच्या धूर्त व्यापाऱ्याला मंगळाच्या सोंगाआडचा मिसिसिपी का दिसला नाही? आमचे उत्तर असे की, त्याला पाहावयाचेच नव्हते. साम्राज्याचा अधिकारी अर्थाला भीत होता, कारण अर्थ कळलेली माणसे उठाव करतात. व्यापारी भीत होता तो पत्रांना. आणि पत्रे येतात ती नावांवरून. मिसिसिपी म्हणा, पत्रे येतात. अमुक एका ग्रहावर असे घडले म्हणा, त्या ग्रहावरून कोणी पत्र पाठवीत नाही. ही बंदी नामांवर होती, विचारांवर नव्हती. सर्लिंगने नेमकी हीच फट हेरली.

मालिका सुरू होण्याच्या थोडे आधी माइक वॉलेस या प्रसिद्ध मुलाखतकाराने त्याला दूरचित्रवाणीवरच छेडले. आता तुम्ही काही महत्त्वाचे लिहिणे सोडून दिलेत असे समजावे काय, असा प्रश्नाचा रोख होता. सर्लिंगने, या अर्ध्या तासाच्या गोष्टी आहेत, त्यांत वादग्रस्त प्रश्नांना हात घालणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. प्रायोजकांनी ते ऐकले असणार व निश्चिंत झाले असणार. त्या उत्तरात शरणागती किती आणि कावा किती, याचा निवाडा आम्ही करीत नाही. दोन्ही असावीत असे वाटते. पाच वर्षांत या मालिकेचे १५६ भाग झाले आणि त्यांतील ९२ एकट्या सर्लिंगने लिहिले. प्रायोजकांची लुडबूड थांबली होती असेही नव्हे. ब्रिटिश जहाजावरच्या एका प्रसंगात अधिकाऱ्याला चहा मागण्याची मनाई झाली, कारण प्रायोजक कॉफी विकत होता. चहा नको, परंतु मनुष्यवधाची चर्चा चालेल. असा तो कारभार!

या मालिकेतील एक भाग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग ४ मार्च १९६० रोजी दाखवला गेला. मेपल स्ट्रीट म्हणजे मध्यमवर्गीयांची एक नीटनेटकी आळी. शनिवारची संध्याकाळ, कोणी मोटार धूत आहे, मुले खेळत आहेत. आकाशातून काहीतरी गर्जत, लखलखत जाते आणि वीज, टेलिफोन, मोटारी सारे एकदम बंद पडते. एक मुलगा गोष्टीच्या पुस्तकात वाचलेले सांगतो की, परग्रहवासी येण्यापूर्वी माणसाच्या रूपातले आपले हेर आधी पाठवून ठेवतात. थोरांना हसू येते. मग एका शेजाऱ्याची मोटार आपोआप सुरू होते. हसू मावळते. हा रात्री अपरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघत असतो म्हणे! त्याला झोप येत नाही, एवढेच. दुसऱ्याने तळघरात एक नभोवाणीयंत्र जुळवले आहे, ते कोणाशी बोलण्यासाठी? स्टीव्ह नावाचा एक समंजस माणूस सर्वांना आवरू पाहतो, तर तोच संशयित होतो. अंधारातून एक आकृती चालत येते, चार्ली नावाचा शेजारी बंदूक झाडतो, आणि पडतो तो पलीकडच्या गल्लीत काय झाले ते पाहून परतणारा त्यांचाच शेजारी. आता चार्लीच्या घरात दिवा लागतो. जमाव चार्लीवर उलटतो, चार्ली त्या मुलाकडे बोट दाखवतो, आणि मग दगड, बंदुका, किंकाळ्या. शेवटी टेकडीवर उभे असलेले दोन परके आपल्या यंत्राच्या खुंट्या फिरवताना दिसतात. एक दुसऱ्याला समजावतो आहे की, यांना जिंकायला शस्त्र लागत नाही, दिवे मालवले की यांचे हे करतात.

हे पाहणाऱ्या अमेरिकन माणसाला काय आठवत होते? १९५० साली ‘रेड चॅनल्स’ नावाच्या एका पुस्तिकेत नभोवाणी व दूरचित्रवाणीतील १५१ जणांची नावे कम्युनिस्टांचे हस्तक किंवा सहानुभूतिदार म्हणून छापली गेली होती आणि त्यांतील पुष्कळांचे काम त्या छापील ओळीने तुटले होते. सिनेटर मॅकार्थी यांची सद्दी १९५४ साली सिनेटनेच ठपका ठेवल्यावर संपली, पण शेजाऱ्याच्या तळघराकडे वाकड्या नजरेने पाहण्याची सवय संपली नव्हती. मॅकार्थींचे नाव या भागात नाही. कम्युनिस्ट हा शब्दही नाही. एक मुलगा, एक मोटार आणि एक दिवा, एवढ्यावर सर्लिंगने भागवले.

इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी होती. तेथे बीबीसी ही सार्वजनिक संस्था, तिला प्रायोजक नाहीत. म्हणून नायजेल नील या लेखकाला इतके आडवळण घ्यावे लागले नाही. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे त्याने केलेले नाट्यरूप १९५४च्या डिसेंबरात दाखवले, तेव्हा पार्लमेंटपर्यंत गवगवा झाला, तरी चार दिवसांनी ते ठरल्याप्रमाणे पुन्हा सादर झालेच. लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर १९५८च्या उन्हाळ्याअखेरीस हल्ले झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी नीलची ‘क्वाटरमास अँड द पिट’ ही मालिका आली. तीत पन्नास लक्ष वर्षांपूर्वी पुरलेले मंगळाचे यान लंडनमध्ये सापडते आणि आपल्याहून वेगळ्याला ठेचण्याची मंगळवासीयांची वृत्ती आपल्याच रक्तात उतरलेली आहे असे उघडकीस येते. शेवटच्या भाषणात नायक वांशिक दंगली हा शब्द सरळ उच्चारतो. ‘डॉक्टर हू’ १९६३ साली आली. तिचे आद्य दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, लेखिका अत्तिया हुसेन यांचे चिरंजीव, आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही तिशीही न गाठलेली तरुणी. पडद्यावरचे डालेक हे नाझींच्या साच्यातले होते. पण त्या पडद्यामागे, त्या काळच्या बीबीसीत, अशा दोघांच्या हाती सूत्रे असणे हीदेखील लहान गोष्ट नव्हती.

आता ‘स्टार ट्रेक’. आपल्याकडच्या अनेक घरांत हे यान दूरदर्शनवरून १९८०नंतरच्या दशकात येऊन गेले आहे, म्हणून वर्णन करीत बसत नाही. जीन रॉडनबेरी याने ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात चालवली. त्याआधीच्या त्याच्या एका लष्करी मालिकेतील वर्णद्वेषावरचा भाग एनबीसीने दाखवलाच नव्हता, तेव्हा सर्लिंगचा धडा त्यालाही मिळालेला होता. यानाच्या पुलावर त्याने रशियन बसवला, जपानी वंशाचा सुलू बसवला आणि उहुरा ही आफ्रिकन स्त्री अधिकारी म्हणून बसवली. सुलूचे काम करणारा जॉर्ज ताकेई हा लहानपणी, जपानी वंशाचा म्हणून, अमेरिकन सरकारच्याच छावणीत आईबापांसह कोंडला गेला होता. उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकल्स यांनी पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचे ठरवले, तेव्हा मार्टिन लूथर किंग यांनी भेटून त्यांचे मन वळवले, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. भारतीय म्हणावा असा एकच ठळक पुरुष त्या मालिकेत आहे, खान नूनियन सिंग नावाचा, आणि तो निघाला जग जिंकू पाहणारा हुकूमशहा. त्याचे काम एका मेक्सिकन नटाने केले. सर्वांना सामावून घेणाऱ्या यानातही आपल्याला अशी जागा मिळाली, याची गंमत वाटते.

याच यानाचा कप्तान म्हणजे तो विल्यम शॅटनर. १९५८ साली जमावाला चिथावणारा दुकानदार झालेला हा नट २२ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखवलेल्या भागात निशेल निकल्स यांचे चुंबन घेतो. वर्ण ओलांडून झालेले ते अमेरिकन दूरचित्रवाणीवरील अगदी सुरुवातीच्या चुंबनांपैकी एक. आंतरवर्णीय विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने जेमतेम दीड वर्षापूर्वी रद्द केले होते. पण हेही चुंबन कथेत परग्रहावरील हुकूमशहांनी मनोबळाने जबरदस्तीने घ्यावयास लावलेले आहे. पाहा, येथेही सोंग सुटले नाही! पुढच्या जानेवारीत अर्धे काळे, अर्धे पांढरे तोंड असलेली दोन पात्रे आली. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी, एवढ्यावरून त्यांचा सारा ग्रह जळून बेचिराख झालेला आणि हे दोघे अजून एकमेकांच्या मागे धावत आहेत. किंग यांची हत्या होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. हा भाग फार ढोबळ आहे अशी टीका होते, आणि ती खरी आहे. मेपल स्ट्रीटचे कसब त्यात नाही.

मात्र मेपल स्ट्रीटविषयीही आमच्या मनात एक शंका घर करून आहे. सोंगाने पत्रे चुकवली, परंतु काय गमावले? एमेट टिलच्या खुनात मारणारे कोण आणि मेलेला कोण हे स्पष्ट होते. मेपल स्ट्रीटवर सारेच संशयी आणि सारेच बळी. तेथे दोष मनुष्यस्वभावाचा ठरतो, आणि मनुष्यस्वभावावर खटला भरता येत नाही. मिसिसिपीत सुटलेल्या त्या दोघांपैकी कोणी हा भाग पाहिला असता, तरी त्याला तो आपल्यावर आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. त्याच मालिकेत १९६१च्या नोव्हेंबरात सर्लिंगने एका माजी नाझी कप्तानाला डाखाउच्या छळछावणीत परत आणले आणि मेलेल्यांकडून त्याचा न्याय करवला. तेथे डाखाउ हे नाव स्वच्छ उच्चारलेले आहे. हरलेल्या शत्रूच्या गावाचे नाव घेता येत होते. आपल्या गावाचे घेता येत नव्हते.

हे सर्लिंगलाही डाचत असले पाहिजे, असे आम्हांस वाटते ते त्याच्या एका उशिराच्या भागावरून. मालिका संपत आली होती. बर्मिंगहॅम या अलाबामातील शहरात १९६३च्या सप्टेंबरात चर्चमध्ये बाँब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींना मारले होते आणि नोव्हेंबरात डॅलसच्या रस्त्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला होता. २७ मार्च १९६४ रोजी दाखवलेल्या या भागात एका गावी सकाळी फाशी व्हायची असते आणि सूर्यच उगवत नाही. फाशी जाणाऱ्याने एका वर्णद्वेष्ट्याला मारले आहे, आणि गाव न्यायापेक्षा तमाशासाठी जमले आहे. गावचा कृष्णवर्णीय पाद्री लोकांना सांगतो की, हा अंधार तुमच्या मनातला द्वेष आहे. फाशी होते, अंधार दाट होतो. मग नभोवाणीवर बातम्या लागतात. असाच अंधार आणखी कोठे कोठे पसरला आहे त्यांची यादी निवेदक वाचतो. उत्तर व्हिएतनाम, बर्लिनची भिंत, बुडापेस्टचा तुरुंग, शिकागोचा एक भाग, डॅलसमधला एक रस्ता. आणि त्यातच बर्मिंगहॅम, अलाबामा.

नाट्य म्हणून तो भाग मालिकेतल्या उत्तमांपैकी नव्हे. संवाद लांबतात, प्रवचन होते. तरी ती नावे ऐकताना कोकाकोलाच्या काढून ठेवलेल्या बाटल्यांची आठवण होते.

त्याच उन्हाळ्यात मालिकेचे शेवटचे भाग दाखवून झाले. सर्लिंगने तिचे आपले हक्क सीबीएसला विकून टाकले. पुढे तो इथाका येथील महाविद्यालयात शिकवीत असे आणि २८ जून १९७५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने वारला. एमेट टिलच्या आईची आणि त्या खटल्याची कथा, खऱ्या नावांनी, सहा भागांत, एबीसी या मोठ्या जाळ्याने २०२२च्या जानेवारीत दाखवली. त्याच वर्षी २९ मार्चला झुंडीने ठार मारणे हा संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्या कायद्याला एमेट टिलचे नाव दिले आहे.